मदत हवी आहे: कोल्हापुरी चपलांच्या पानाला फॉलोअर्स आहेत, पण गिऱ्हाईक टिकत नाही

वेणीपट्टा

नमस्कार मंडळी,

आमचा कोल्हापुरी चपलांचा पिढीजात धंदा आहे. वडील आणि काका कोल्हापुरात सुभाषनगरला घरीच चपला बनवतात. बराचसा माल चप्पल लाईनीतल्या दुकानांना जातो. थोडा माल आम्ही स्वतःच्या नावाने थेट विकतो आणि ती बाजू माझ्याकडे आहे. इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप बिझनेस, पार्सल, हिशेब, सगळं मीच बघते. त्याबद्दलच सल्ला हवा आहे.

जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या महागड्या फॅशन ब्रँडने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, ते तुम्हाला आठवत असेल. कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांचं मिळून. टीका झाल्यावर प्राडाने महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पत्र पाठवून प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचं मान्य केलं. त्या दिवसांत काका चामड्याची वेणी गुंफतानाची आमची एक रील भरपूर फिरली. फॉलोअर्स धडाधड वाढले. "अभिमान आहे", "लई भारी", "प्राईस प्लीज" अशा कमेंटचा नुसता पाऊस.

पण खरा पाऊसही तेव्हाच होता. हे कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं, पाण्यात चालायची ही चप्पल नव्हे. म्हणून मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते की आत्ता घेऊ नका, पाऊस सरल्यावर घ्या. आमचा सीझन दसऱ्यापासून सुरू होतो. तेव्हा मात्र त्यातले फार थोडे परत आले. ज्यांना खरंच चप्पल हवी होती तेसुद्धा तोवर विसरून गेले, याची मला फार चुटपुट लागली आहे.

दुसरी अडचण जुन्या गिऱ्हाइकांची. व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची यादी) २५६ जण बसतात आणि ज्याने आपला नंबर सेव्ह केलेला असेल त्यालाच मेसेज पोचतो. एकदा चप्पल घेतलेला माणूस आमचा नंबर कशाला सेव्ह करेल? म्हणजे मी लिहिते, आणि निम्म्या लोकांपर्यंत ते जातच नाही.

तिसरी अडचण मापाची. लोक बुटाचा नंबर सांगतात, "आठ नंबर पाठवा". कोल्हापुरीला तेवढं पुरत नाही. पंजा किती रुंद, अंगठा कसा, पायाची वर उंची किती, हे सगळं लागतं. आम्ही कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने आखायला सांगतो आणि त्याचा फोटो मागवतो. फोटो तिरका आला की माप चुकतं, जोड परत येतो. माझा निम्मा दिवस या बोलण्यात जातो.

एका एजन्सीशी बोलले. त्यांचं म्हणणं रोज एक पोस्ट, प्रत्येक सणाला आणि जयंतीला लोगो टाकून शुभेच्छा, आणि दोन इन्फ्लुएन्सरना फुकट जोड. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते नेमकं सांगताही येत नाही. तुमच्यापैकी कुणी हे काम जवळून पाहिलंय का? कमी वेळात लोकांशी संबंध कसा टिकवावा?

मीठभाकर

ताई, मी बरीच वर्षं जाहिरात क्षेत्रात आहे. तुम्हाला का पटत नाही ते मी सांगतो. लोगो लावलेल्या शुभेच्छा वाचणाऱ्याच्या काहीच उपयोगाच्या नसतात. त्याच्या फोनवर त्या दिवशी तशा शंभर आलेल्या असतात.

मला या विषयात कायम आठवतं ते हिंदुस्तान युनिलिव्हरचं 'कान खजुरा तेसन'. बिहार आणि झारखंडमधल्या ज्या गावांत वीज नसायची आणि टीव्ही पोचत नव्हता, तिथे घरात मोबाईल मात्र होता. मिस्ड कॉल द्यायचा, पलीकडून कॉल यायचा आणि फुकटात गाणी, विनोद, गप्पा ऐकायला मिळायच्या. साबणाच्या-क्रीमच्या जाहिराती त्यांच्या मधे. साधे फोन, इंटरनेट नाही, तरी लोक आपणहून नंबर फिरवत. कारण त्यांना करमणूक हवी होती आणि ती त्यांच्या हातातल्या फोनवर मिळत होती.

आता तुमच्या गिऱ्हाइकाला काय हवंय? कोल्हापुरी घेतलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात तीन प्रश्न पडतात. चप्पल चावतेय, काय करू? भिजली, आता काय? करकर वाजते ती मुद्दाम की बिघाड? याची उत्तरं तुमच्या काकांकडे आहेत. पट्ट्याला आतून तेल कसं लावायचं, भिजलेली चप्पल उन्हात न ठेवता सावलीत कशी वाळवायची, हे काकांनी स्वतःच्या हाताने करून दाखवावं, त्यांच्याच बोलीत. अशी रील माणूस सेव्ह करून ठेवतो, मित्राला पाठवतो. ती पानावर वर पिन करा.

आणि किंमत लिहा. "किमतीसाठी मेसेज करा" असं लिहिलं की निम्मे लोक तिथूनच परत जातात. किंमत, किती दिवसांत मिळेल, परत घेता का, हे पोस्टमध्येच असू दे. व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगमध्येही टाका.

अमूलचं उदाहरण एजन्सीवाले देतीलच. ती अमूलची मुलगी १९६६ पासून चालू घडामोडींवर बोलतेय, त्यामागे सरावलेली टीम आहे. त्याची नक्कल एकट्या माणसाने करायला जाऊ नये.

रंकाळावाला

मी इथलाच. ताई, एक सांगतो, राग मानू नका. तुमच्यासारखी बरीच पानं बघतो, सगळी "हँडमेड विथ लव्ह" छापाची इंग्रजी कॅप्शन टाकतात. आपल्या माणसाला काय बोध होणार? कापशी, कुरुंदवाडी, पुकरी, या चपलांच्या प्रकारांतला फरक कोल्हापुरातल्या निम्म्या पोरांना सांगता येत नाही, मग पुण्या-मुंबईच्या माणसाला कुठला? एकेक प्रकार घेऊन बोला की. कान (बाजूचे चामड्याचे तुकडे) कुठले, वादी (चामड्याची दोरी) कुठून ओवली, रापी (कातडं कापायचं हत्यार) कशी चालते, सगळं दाखवा. आम्ही बघतो असलं, खरंच बघतो.

स्टोरीत मत विचारता येतं ना? पुढचा जोड नैसर्गिक रंगात करायचा की गडद, हे लोकांना विचारा, आणि जो रंग निवडतील तो खरोखर करा. नाहीतर विचारू नका.

सातासमुद्रापार

मी न्यू जर्सीला असते, माहेर सांगलीचं. इथून चपला मागवताना मापाचा घोळ मीही भोगलाय, म्हणून एवढंच लिहिते.

माप काढताना ए-फोर कागद वापरायला सांगा आणि फोटोत कागदाचे चारही कोपरे दिसलेच पाहिजेत अशी अट घाला. तो कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा असतो, त्यामुळे फोटो लहान-मोठा झाला तरी कागदाच्या मापावरून पायाचं माप काढता येतं. फोन कागदाच्या बरोबर वर, सरळ धरायचा. अमेरिकेतल्या लोकांना मात्र आधी विचारा, कारण इथे घरोघरी लेटर साईझ असतो, २१६ बाय २७९. माझा एक जोड याच फरकामुळे मापात चुकला होता. शिवाय कागदाजवळ पट्टी ठेवायला सांगितली तर प्रश्नच मिटला.

संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात, तेव्हाच आखायला सांगा. दोन्ही पाय आखायचे. हे सगळं एका मिनिटाच्या व्हिडिओत दाखवा आणि माप विचारलं की तोच पाठवा.

अक्षरजुळणी

ब्रॉडकास्टबद्दल. नंबर सेव्ह करायला लोकांना काहीतरी कारण लागतं. तुमच्याकडे ते आहे: त्यांचं माप. पार्सलमध्ये छोटी चिठ्ठी टाका की तुमच्या पायाचं माप आमच्याकडे जपून ठेवलंय, हा नंबर सेव्ह करा, पुढच्या वेळी फक्त "पुन्हा एक जोड" एवढं लिहा. चिठ्ठीवर क्यूआर कोड द्या, तो स्कॅन केला की तुमचं चॅट उघडावं आणि मेसेज आधीच टाईप केलेला असावा. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये ही सोय फुकट आहे. प्रत्येक चॅटला लेबल लावता येतं, त्यात "पावसानंतर हवी" असं एक लेबल करा. जूनमध्ये विचारणाऱ्याला सरळ विचारायचं, दसऱ्याच्या आधी कळवू का? हो म्हणाला तर लेबल. नाही म्हणाला तर त्याला पुन्हा मेसेज नको. न विचारता पाठवलेल्या मेसेजवर लोक ब्लॉक करतात.

व्हॉट्सॲप चॅनेल काढायला कुणी सुचवेल. भारतात ते २०२३ पासून आहे, पण तिथे कोण फॉलो करतंय त्याचे नंबर दिसत नाहीत आणि गप्पा होत नाहीत. तुमचा धंदा मापावर, म्हणजे बोलण्यावर चालतो. सध्या तरी नको.

इन्फ्लुएन्सरला फुकट जोड दिलात तर ती जाहिरातच धरली जाते. जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या नियमांनुसार तसं पोस्टवर स्पष्ट लिहावं लागतं. द्यायचाच असेल तर ज्याने आधी विकत घेऊन वर्षभर वापरलीय अशा गिऱ्हाइकाला विचारा, जुन्या चपलेचा फोटो टाकाल का म्हणून. वापरून काळपट, मऊ झालेली कोल्हापुरी नव्यापेक्षा जास्त विश्वास देते.

वेणीपट्टा

सगळ्यांचे मनापासून आभार. एजन्सीला नाही म्हणून कळवलं.

ए-फोरची युक्ती काकांना सांगितली, त्यांनी लगेच स्वतःचा पाय आखून फोटोवरून माप काढून बघितलं. जुळलं. चप्पल चावण्यावरची रील या रविवारी करतोय, काका कॅमेऱ्यासमोर लाजतात म्हणून फक्त हात आणि आवाज घेणार आहे. रंकाळावाले दादा, कॅप्शन आता मराठीतच.

पावसात विचारणाऱ्यांसाठी हा मेसेज लिहिलाय, बघून सांगा: "नमस्कार. सध्या पाऊस आहे, कोल्हापुरी भिजली की लवकर खराब होते, म्हणून आत्ता पाठवत नाही. दसऱ्याच्या पंधरा दिवस आधी तुम्हाला एकदाच कळवू का? तोवर माप काढून ठेवायचं असेल तर कसं काढायचं त्याचा व्हिडिओ पाठवते."

मीठभाकर

छान आहे. फक्त किंमत टाका त्यात. आणि शेवटी वडिलांचं किंवा काकांचं नाव लिहा, चप्पल कोण बनवणार ते घेणाऱ्याला कळू द्या.