'तीसरी मंझिल' तुम्ही कुठे, कुणाबरोबर पाहिलात? अनुभव लिहा

१९६६ चा 'तीसरी मंझिल' हा माझ्या लेखी हिंदीतला सगळ्यात घट्ट विणलेला रहस्यपट, आणि तो पोटभर हसवतोही. निर्मिती नासिर हुसेनची, दिग्दर्शन विजय आनंदचं, संगीत पंचमचं, म्हणजे आर. डी. बर्मनचं. सुरुवातीलाच रात्री एक मुलगी हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावरून खाली पडते. तिचा जीव रॉकी नावाच्या ड्रमरमुळे गेला अशी बहिणीची, म्हणजे सुनीताची (आशा पारेख) खात्री असते. ती त्याला धडा शिकवायला मसुरीला निघते आणि आगगाडीत तिला अनिल (शम्मी कपूर) भेटतो. अनिल म्हणजेच रॉकी. तो नाव लपवतो. हसू येतं ते या लपवाछपवीमुळे आणि पुढे संशय गडद होतो तोही तिच्यामुळेच. प्रेमकथेला खून चिकटवलाय असं म्हणूनच कुठे वाटत नाही.

पहिल्यांदा कसा पाहिलात, काय मनात राहिलं, सविस्तर लिहा. विनंती एकच, खुनी कोण ते सांगू नका. न पाहिलेले अजून पुष्कळ आहेत.

*

ताई, चांगला विषय काढलात. आमच्या गिरगावात गणपतीत रस्त्यावर पडदा बांधून सिनेमे दाखवायचे. समोरची जागा मोठ्यांनी संध्याकाळीच अडवलेली असायची, म्हणून आम्ही पोरं पडद्याच्या मागे चटया टाकायचो. तिथून सगळं उलटं दिसे. श्रेयनामावलीतली अक्षरं वाचता यायची नाहीत आणि शम्मी डावखुरा वाटायचा. रीळ बदलताना दिवे लागले की खुनी कोण यावर वाद सुरू. प्रेम चोप्रा दिसला म्हणजे तोच, असं आमच्या मजल्यावरचे काका छातीठोकपणे सांगत होते. कोणी हेलनचं नाव घेतलं, तर तिच्या बाजूने भांडायला निम्मी वाडी उठली! हेलनच्या रूबीचं रॉकीवर खरंच प्रेम आहे हे आम्हा मुलांनाही कळत होतं. ती नुसती नाचायला आलेली बाई नाही, तिला दुःख आहे, आणि हेलनने ते डोळ्यांतून दाखवलंय.

*

मी ऑर्केस्ट्रात ड्रम्स वाजवायचो. 'ओ हसीना जुल्फोंवाली'ची फर्माईश आली की आमच्याकडे सगळे सावरून बसायचे. त्या गाण्यात ब्रासचे तुकडे असे कापल्यासारखे येतात की एक जण जरी अर्धी मात्रा उशिरा शिरला तरी गाणं पडतं. आमचा ट्रम्पेटवाला गोव्याचा होता. तो नोटेशन लिहून आणायचा आणि तालमीत तो एकच तुकडा सगळ्यांकडून घोटून घ्यायचा. शम्मीला आधी शंकर-जयकिशनच हवे होते, पण चाली ऐकल्यावर तो पंचमवर राजी झाला. 'आजा आजा'मधल्या त्या तुटक आकारांनी तर आमच्या गायिकेला घाम फुटायचा. श्वास कुठे घ्यायचा हेच सापडत नाही. आशाबाईंनीही (भोसले) त्यासाठी खूप मेहनत घेतली होती. गाडीत सराव करताना त्यांना धाप लागल्यासारखी वाटून ड्रायव्हर घाबरला, हा किस्सा त्यांनीच सांगितलेला आहे. रफीसाहेब आणि आशाबाई सोडून या चित्रपटात तिसरा गळा नाही, आणि गरजही वाटत नाही.

*

माझी आठवण थोडी वेगळी आहे. आई गेल्यानंतर बाबा टीव्हीसमोर बसत, पण बघत नसत. एका रविवारी दूरदर्शनवर हा लागला. 'तुमने मुझे देखा' सुरू झाल्यावर बाबांनी आवाज वाढवायला सांगितला आणि कितीतरी दिवसांनी स्वतःहून बोलले: याचं चित्रीकरण चालू असतानाच शम्मीची बायको गेली. गीता बाली. जानेवारी १९६५, देवी आल्या होत्या. काम थांबलं, मग तो परत उभा राहिला. नंतर बाबा आईबद्दलही बोलायला लागले. मजरूहचे ते शब्द आणि शम्मीचा तो शांत चेहरा मला आजही बाबांसाठी आवडतो.

*

आम्ही न्यू जर्सीत असतो. कॉलेजात जाणाऱ्या लेकीबरोबर पाहिला. तिचा पहिला आक्षेप असा की हा माणूस खोटं बोलून मुलीच्या मागे लागतो, त्यात गोड काय? मला तिचं पटलं. ती छेडछाड आज खुपते आणि काही विनोद लांबतातही. पण मध्यंतरापर्यंत तिचं मत बदललं, ते सुनीतामुळे. १९६६ ची नायिका बहिणीच्या मृत्यूचा जाब विचारायला स्वतः घराबाहेर पडते, चिडते, चुकीच्या माणसावर विश्वास ठेवते, तरी शोध सोडत नाही. नंतर लेकीने मला न विचारता पुन्हा लावला आणि या वेळी गाणी न पळवता पाहिली. तिचं म्हणणं, कोण कुणाकडे कधी बघतंय ते गाण्यांतच सापडतं. विजय आनंदची गाणी गोष्ट थांबवत नाहीत, हे तिला दुसऱ्या खेपेतच कळलं.

तुमच्यापैकी कुणी 'देखिये साहिबों'च्या त्या जत्रेबद्दल लिहा ना. आमच्याकडे सध्या त्यावरूनच वाद चालू आहे.