रानटी टोमॅटोपासून कीड न लागणारं वाण मिळेल का? सल्ला हवा

अंबडचा शेतकरी: रामराम मंडळी. एक एकर टोमॅटो आहे. पांढऱ्या माशीनं झाडं बोकडली (पानं आकसली), उरलेल्यांची फळं अळीनं पोखरली. आठवड्याला दोन फवारण्या केल्या. तेच फळ लेकरांच्या ताटात जातं, हे जिवाला लागतं. रानटी टोमॅटोशी संकर करून कीड न लागणारं वाण करतात म्हणे. बी मिळेल का? घरी जमेल का?

परभणीची ताई (पीक पैदास): दादा, फुटवे खुडताना बोटं हिरवी-पिवळी होतात ना? तो पानावरच्या लवेचा रस. पेरू देशातल्या ‘सोलॅनम पेनेली’ या रानटी जातीत या लवेच्या टोकाला साखरेच्या जातीचा चिकट थेंब असतो. पांढरी माशी तिथं बसायला, अंडी घालायला कचरते, मग तिच्यासोबत येणारा बोकड्याचा विषाणूही कमी पसरतो. अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठात मार्था मुचलर यांनी हा गुण खायच्या टोमॅटोत आणायला कित्येक वर्षं दिली.

इतकी वर्षं लागतात, कारण हा गुण एका जनुकावर नाही, अनेकांवर आहे. पहिल्या संकरात निम्मं रान येतं. चांगल्या वाणाशी परत संकर केला की सरासरी पाव उरतं, मग आठवा हिस्सा. रानटी फळ बारकं, पिकूनही हिरवंच. तो दोष काढता काढता चिकट लवही हातची जाते. म्हणून घरी नादी लागू नका, आणि ‘कीडमुक्त टोमॅटो’ म्हणून कुणी बी दिलं तर घेऊ नका. बंगळुरूचा ‘अर्का रक्षक’ हा वाण चांगला आहे, पण तो बोकड्या, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या रोगांसाठी. अळी त्यालाही लागते.

केजवाला: ताईंचं खरं. मी रोपं बारीक जाळीत वाढवतो आणि 16 ओळींमागे झेंडूची एक ओळ लावतो. मागच्या साली झेंडूच्या कळ्या उकलून बघितल्या, आत हिरव्या अळ्या. त्या टोमॅटोत गेल्या असत्या.

अंबडचा शेतकरी: ताई, ट्रायकोकार्डही (किडीची अंडी मारणाऱ्या बारक्या मित्रमाशीचं कार्ड) लावू का?

परभणीची ताई: लावा, पण एवढ्यावर विसंबू नका. लवेत ही बारकी मित्रमाशीही अडकते. लव वाढवणाऱ्या वाणांची हीच मोठी अडचण आहे. झेंडूचं बी टोमॅटोच्या 20 दिवस आधी टाका. लावताना झेंडूचं रोप 45 दिवसांचं, टोमॅटोचं 25 दिवसांचं हवं, तरच झेंडूची कळी आणि टोमॅटोचं फूल एका वेळी येतं.