महापालिका निवडणुकीत पर्यावरणासाठी काम करायचंय, पण पक्षात न जाता. कुठून सुरू करू?

सिंहगडरोडकरीण
नमस्कार मंडळी. आम्ही पुण्यात एकतानगरीजवळ राहतो. २५ जुलै २०२४ ला पहाटे मुठा नदीचं पाणी पार्किंगमधून जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत आलं, तळमजल्यावरच्या काकूंना आम्ही खुर्चीत बसवून वर नेलं, त्यांचं धान्य गेलं ते गेलंच पण गव्हाच्या पिंपाचा वास आठवडाभर जात नव्हता. तेव्हापासून वाटतंय की हवामान बदलाच्या बातम्या बघून नुसतं हळहळायचं नाही. १५ जानेवारी २०२६ ला महापालिकेचं मतदान आहे, मार्च २०२२ पासून पुण्याला नगरसेवकच नव्हते, म्हणजे आत्ता नाही विचारलं तर परत पाच वर्षं थांबा. रोज संध्याकाळी दोन तास देऊ शकते. कोणी केलंय का असं काम?

मुठाकाठ
ताई, आधी कुठलं काम कोणाचं ते नीट लिहून काढा, नाहीतर उमेदवार "ते आपल्या हातात नाही" म्हणून सुटतो आणि खरंच कधीकधी नसतंही. धरणातून पाणी सोडणं जलसंपदा खात्याकडे, ते नगरसेवकाला विचारून उपयोग नाही. पण निळ्या पूररेषेच्या आत राडारोडा टाकून भराव होतोय का, ओढ्याची रुंदी किती उरलीय, पावसाळ्याआधी नालेसफाई झाली का, हे सगळं महापालिकेचं. (निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या.) झाडांचंही बघा, वृक्ष प्राधिकरणात आयुक्त अध्यक्ष असतात आणि नगरसेवक सदस्य, तिथे कोण जाणार आणि तोडीच्या प्रस्तावावर काय बोलणार हे आत्ताच विचारा.

आणि एक, आपल्या खर्चाने कोणा उमेदवाराच्या नावाची पत्रकं छापू नका, त्याची लेखी परवानगी नसेल तर तो गुन्हा आहे. प्रश्नांचा कागद वाटा, त्यात कोणाचं नाव नको.

वेदांत_कोथरूड
चार मतं असतात हे लोकांना सांगा प्लीज!! बहुतेक प्रभागांत अ ब क ड अशा चार जागा, प्रत्येक जागेला वेगळं मत, एकाच चिन्हावर चारही बटणं दाबलीच पाहिजेत असं काही नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये शिकलेल्या लोकांनाही माहीत नव्हतं. मग चौघांपैकी एकाने जरी ओढ्याचा विषय मनावर घेतला तरी त्याला वेगळं निवडता येतं ना.

कमलताई
मी २०१७ ला वस्तीत घरोघरी फिरलेय म्हणून सांगते, "हवामान बदल" म्हटलं की दार अर्धं बंद होतं. एका बाईने मला आत बोलावलं, एप्रिलची दुपार, पत्रा एवढा तापलेला की बसवत नव्हतं, ती म्हणाली मी पोरांना रोज दुपारी देवळात नेऊन बसवते. तिला काय समजावून सांगणार आपण, तिला आपल्यापेक्षा जास्त माहितीये. तिला फक्त हे सांगितलं की वस्तीत सावलीची झाडं, रात्री येणारं पाणी दिवसा, वेळेवर बस हे सगळं मागता येतं आणि मागितलंच पाहिजे. त्यामुळे सोसायट्यांपुरतं ठेवू नका, पूर आला की नदीकाठच्या वस्तीत आधी पाणी शिरतं. आणि मतदार यादीत नाव आहे का ते प्रत्येक घरी बघा, भाड्याने राहणाऱ्यांची नावं हमखास जुन्या पत्त्यावर असतात.

सिंहगडरोडकरीण
खूप आभार सगळ्यांचे. ओढ्याचा आणि पूररेषेचा असे दोनच प्रश्न धरतेय, वस्तीत कमलताई म्हणतात तसं जाईन. चारही जागांच्या उमेदवारांना बोलवायचं ठरवलं तर आमचे सेक्रेटरी म्हणाले सोसायटीत राजकारण नको. काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या माझ्या घरी घ्या ना मीटिंग, भिंतीवर पाण्याची रेघ अजून आहे, मी रंग दिलेला नाही, ती दाखवते मी त्यांना.