एमजीबी रोडस्टर १९७२: मागचे पाटे बसलेत, स्प्रिंगा कुठल्या घ्याव्यात?

सातारकर_रेडिंगवाला
नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांची हौस होती, शेवटी इथे इंग्लंडात एक १९७२ ची एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी) घेतलीच, ओपन रोडस्टर, क्रोम बंपरवाली. इंजिन ठणठणीत आहे पण गाडी मागून बसलीये, त्यातही उजवी बाजू पाऊण इंच जास्त, आणि खड्डा आला की एक्सल धाडकन रबरावर आपटतो (खड्ड्यांच्या बाबतीत इकडचे रस्तेही आता काही कमी नाहीत). खाली वाकून बघितलं तर उजवीकडचा एक पाटा (मागच्या स्प्रिंगेची लोखंडी पट्टी) चिरलेला दिसतोय. म्हणजे मागचे पाटे बदलायचेच आहेत, प्रश्न कुठले घ्यायचे हा आहे. साधे स्टँडर्ड मिळतात, एक इंच खाली बसवणारे कडक पण मिळतात, आणि एक जण जीटीच्या (बंद छपराच्या एमजीबीच्या) जुन्या स्प्रिंगा स्वस्तात देतोय. पुढच्या कॉइलपण (गोल वेढ्यांच्या स्प्रिंगा) लगेच बदलू का? शॉकअप जुनेच, लिव्हरवाले आहेत.

पाना_तेराचा
अभिनंदन भाऊ, पण पाकीट काढायच्या आधी टेप काढा. चारही चाकांवर हबच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत माप घ्या, जमिनीपासून नको, नाहीतर टायरमधली हवा मापात येते. गाडी सपाट जागी हवी आणि ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्या वजनाचं कुणीतरी बसवा कारण उजवीकडे झुकण्यातलं थोडं तुम्हीच आहात 😄

आता जीटीच्या स्प्रिंगा. त्या नको. १९६५ ला आलेली जीटी म्हणजे वर लोखंडी छप्पर आणि मागे काचेचा दरवाजा, वजन जास्त म्हणून तिच्या स्प्रिंगा कडक. रोडस्टरला लावल्या तर गाडी उंट होईल आणि कंबर तुमची जाईल. तसंच १९७४ च्या शेवटी अमेरिकेच्या बंपरच्या नियमासाठी रबर बंपर आले तेव्हा अख्खी गाडीच उंच केली होती, त्या मॉडेलचे पाटे चुकून आले तर शेपूट वर. त्यामुळे दुकानदाराला नुसतं 'एमजीबी' सांगू नका, वर्ष, क्रोम बंपर आणि रोडस्टर हे तिन्ही सांगा.

माझं मत स्टँडर्डच. एक इंच खाली घेतली की फोटोत झकास दिसते, पण तुमची तक्रारच मुळात एक्सल आपटतो ही आहे ना, मग मधली जागा अजून कमी कशाला करताय?

कराडचा_काका
अरे नवीन कशाला, आपल्याकडे ट्रकचे पाटे बसले की पाटेवाल्याकडे नेतात, तो तुटलेला पाटा बदलतो, बाकीच्यांना ठोकून कमान देतो आणि गाडी रोडवर. माझ्या जीपचे तसेच केलेत, मस्त चालतात. तिकडे लोहार नाहीत का?

पाना_तेराचा
काका, जीपला चालतं, आणि चांगला पाटेवाला असेल तर इथेही चाललं असतं. पण नुसतं थंड ठोकून कमान दिली तर पाटा परत बसतो, नीट करायचं तर पुन्हा तापवून पाणी द्यावं लागतं. एमजीबीचे नवे पाटे सहज मिळतात, मग पन्नास वर्षं जुन्या लोखंडाचे लाड कशाला. फक्त दोन्ही बाजूचे एकदम बदला, एकच बदलला तर झोक दुसऱ्या बाजूला.

मेकॅनिकल_पुणे
कडक सेटबद्दल थोडं गणित सांगतो. कॉइलची कडकी तारेच्या जाडीच्या चौथ्या घातात वाढते. तार फक्त ५ टक्के जाड घेतली तर स्प्रिंग साधारण २१ टक्के कडक. म्हणून दोन स्प्रिंगा शेजारी ठेवल्या तर डोळ्याला सारख्या दिसतात आणि गाडीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. विक्रेत्याला रेट विचारा, किती पाउंडाला एक इंच दबते ते. नुसत्या मोकळ्या उंचीवरून काही कळत नाही.

आणि शॉकअप विसरू नका. एमजीबीत पुढचा शॉकअप म्हणजेच सस्पेन्शनची वरची आर्म. तो थकलेला असताना कडक स्प्रिंग टाकली तर स्प्रिंग उसळते आणि तिला आवरायला कुणी नाही. आधी तेल बघा, आर्म हाताने वर-खाली करून बघा, मध्येच मोकळी धाव लागली तर शॉकअपचं काम आधी.

सातारकर_रेडिंगवाला
बाप रे, बरं झालं विचारलं. मापं घेतली, पुढची दोन्ही सारखी आहेत म्हणजे कॉइलला हात लावत नाही. मागे स्टँडर्ड ऑर्डर करतो. नवीन पाट्यांवर मागून फारच उंच वाटली तर पुढे-मागे काही कापाकापी?

मेकॅनिकल_पुणे
पाटे कापता येत नाहीत आणि कॉइल कापायची नाही. आठ वेढ्यांतला एक कापला की उरलेली १४ टक्के कडक होते, शिवाय टोक स्प्रिंगेच्या बैठकीत नीट बसत नाही. पुढे कधी कॉइल काढायची वेळ आलीच तर खालच्या पॅनचे (कॉइल जिच्यावर बसते ती ताटली) बोल्ट सरळ काढू नका हां, तिथे दबलेली ताकद भयानक असते. त्याजागी लांब हायटेन्साइल रॉड घालून नट थोडे थोडे सैल करत पॅन उतरवतात.

पाना_तेराचा
नवे पाटे सुरुवातीला उंच दिसतातच, काही आठवडे चालवा, बसतील. यू-बोल्ट (पाटे एक्सलला आवळणारे) आणि बुश (पाट्याच्या टोकातले रबर) नवेच घ्या. पाट्याच्या पुढच्या डोळ्यातला (टोकाच्या गोल वळणातला) बोल्ट मात्र गाडी जॅकवर लटकत असताना शेवटचा आवळू नका. चाकं जमिनीवर टेकवा, गाडीचं वजन येऊ द्या, मग आवळा. लटकत्या गाडीत आवळलं तर खाली उतरवल्यावर बुशातलं रबर पिळलं जातं, गाडी उगाच उंच राहते आणि बुश लवकर फाटतो. जुना बोल्ट बुशाच्या नळीत गंजून अडकलेला असणारच, आदल्या रात्री तेल मारून ठेवा आणि करवत हाताशी असू द्या.