मदत हवी आहे: डेस्कटॉपवरच्या ३७ फाइल्स लॅपटॉपवर येतच नाहीत

नमस्कार मंडळी,

आजी आणि तिच्या दोन जावांच्या जात्यावरच्या ओव्या मी रेकॉर्ड करून ठेवल्यात. आजी आता नाही, त्यामुळे यातली एकही फाइल जाऊन चालणार नाही. घरच्या डेस्कटॉपवर विंडोज आहे, गावाला नेते त्या लॅपटॉपवर उबुंटू. आधी पेनड्राइव्हने ने-आण करायचे. एकदा जुनी फाइल नव्यावर चढली आणि दोन संध्याकाळ बसून उतरवलेले शब्द गेले. तेव्हापासून सिंकथिंग वापरतेय, म्हणजे दोन्ही संगणकांवरचं फोल्डर आपोआप सारखं ठेवणारं सॉफ्टवेअर.

बाकी सगळं येतं, पण ३७ रेकॉर्डिंग अडलीत. लॅपटॉपवर ‘फाइल नेम टू लाँग’ असं दिसतं. विंडोजने मात्र तीच नावं मुकाट्याने घेतली! ओवीची पहिली ओळ, कुणी गायली, कुठे, कोणत्या सणाला, असं सगळं मी नावातच लिहिते. रीस्कॅन, रीस्टार्ट करून झालं. फोल्डर काढून पुन्हा जोडायचा धीर होत नाही. उलट दिशेनेही एक अडलीय, लॅपटॉपवरची ‘सासर कसं गं?’. काय करू?

प्रतिसाद

ताई, फोल्डर काढू नका, फाइल्स सुखरूप आहेत. अडचण देवनागरीची आहे. उबुंटूच्या एक्स्ट४ (डिस्कवर फाइल्स मांडून ठेवायची पद्धत) डिस्कवर नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, ३ बाइट खातं. ‘माहेराची’ दिसायला चार अक्षरं, पण २४ बाइट. म्हणजे साधारण ८५ चिन्हांत नाव संपलं पाहिजे. विंडोज बाइट न मोजता २५५ चिन्हं मोजतं, म्हणून तिथे चाललं.

आधी सगळं एका बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करा. मग लांब नावं डेस्कटॉपवरच छोटी करा: ‘ओवी ०४१ आजी’ एवढं पुरे, बाकी माहिती एक्सेलमध्ये. विंडोजला नावात प्रश्नचिन्ह चालत नाही, ते लॅपटॉपवर काढा. आणि दोन्हीकडे ‘फाइल व्हर्जनिंग’ चालू करा. दुसरीकडून बदल आला की जुनी प्रत बाजूला ठेवली जाते. ते शब्द असे वाचले असते.

धागाकर्ती

खूप खूप आभार! हार्डडिस्कवर प्रत घेतली, व्हर्जनिंग चालू केलं. पहिली पाच नावं बदलली आणि मिनिटभरात लॅपटॉपवर आली. आजीची पाडव्याची ओवी लगेच लावून ऐकली, मागे जात्याची घरघरही आहे. उरलेली ३२ आज रात्री करते.