मदत हवी आहे: पहाटेच्या थंडीत गाडी सुरू होत नाही (पेट्रोल + सीएनजी, ठाणे)

नमस्कार मंडळी,

बाबांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं आणि आम्हाला सकाळी 6:30 ची वेळ मिळाली आहे. कासारवडवलीहून पाचपाखाडीला वेळेत पोचायचं तर पावणेसहाला निघावंच लागतं. गेले तीन आठवडे नेमकी त्याच वेळी गाडी हटून बसते. परवा सेल्फ मारता मारता सव्वासहा झाले, शेवटी शेजारच्या काकांना झोपेतून उठवलं. बाबा काही बोलत नाहीत, पण खाली लॉबीत मफलर गुंडाळून वाट बघत बसलेले असतात, ते बघवत नाही.

गाडी 2017 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, 82,000 किमी झालेत. सीएनजी किट नंतर बसवलंय. सुरू पेट्रोलवर होते आणि इंजिन जरा तापलं की आपोआप गॅसवर जाते. पेट्रोल लागतं ते तेवढंच, त्यामुळे टाकीचा काटा कायम रिझर्व्हच्या आसपास.

सेल्फ अगदी जोरात फिरतो, डॅशबोर्डचे दिवे मंद होत नाहीत, पण इंजिन पकडत नाही. पाच-सहा वेळा मारल्यावर कशीबशी सुरू होते, मिनिटभर थरथरते आणि मग दिवसभर काहीच तक्रार नाही. दुपारी तर एका सेल्फमध्ये सुरू.

जवळच्या गॅरेजमध्ये दाखवली. थंडीने बॅटरी बसली म्हणाले, म्हणून 5,500 रुपये देऊन नवी टाकली. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच. येऊरच्या बाजूने गार वारा येतो हे खरं, पण पहाटे 16-17 अंश असतात. माझी मावसबहीण निफाडला असते. तिथे कधी कधी पारा 5-6 अंशांवर येतो, तिची गाडी उघड्यावर उभी असते आणि तरी सुरू होते. मग ही खरंच थंडी, की दुसरंच काही? पुढचा खर्च अंदाजाने करायची माझी तयारी नाही.

प्रतिसाद 1

ताई, सेल्फ जोरात फिरतोय म्हणजे बॅटरीचा प्रश्न मुळात नव्हताच. बॅटरी गेली की सेल्फ रडत रडत फिरतो, किंवा नुसता टक-टक आवाज येतो. पूर्ण चार्ज बॅटरी गाडी बंद असताना 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते आणि सेल्फ मारताना साधारण 9.6 च्या खाली जाता कामा नये. साध्या मल्टिमीटरने दोन मिनिटांत कळतं, नवी घेण्याआधी एवढं तरी बघायला हवं होतं त्यांनी. आपल्याकडे बॅटरीचं आयुष्य खातो तो एप्रिल-मेचा उकाडा, थंडीत फक्त ते उघडं पडतं.

उद्या पहाटे एक करून बघा. चावी इग्निशनला आणा, सेल्फ मारू नका. मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक घूं असा आवाज येईल, तो पेट्रोलचा पंप. आवाज थांबला की चावी बंद करा. असं तीन वेळा करा आणि मग सेल्फ मारा. पटकन सुरू झाली तर रात्रभरात पेट्रोलचं प्रेशर उतरतंय, असं समजा.

प्रतिसाद 2

वरच्या दादांशी सहमत. भर एवढीच की गॅसवर चालणाऱ्या गाडीचे स्पार्क प्लग (इंजिनात ठिणगी पाडतात ते) नक्की काढून बघा. सीएनजीला ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं, प्लग लवकर झिजतात आणि त्यांचा गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, वाढतो. गरम इंजिन ते खपवून घेतं, गार इंजिन नाही.

आणि रिझर्व्हवर गाडी ठेवायची सवय आजच सोडा. पंप टाकीतल्या पेट्रोलमध्ये बुडलेला असतो, त्याला थंड ठेवतं तेही पेट्रोलच. शिवाय महिनोन्महिने पडून राहिलेल्या पेट्रोलमधला पटकन पेट घेणारा हलका भाग उडून जातो. पहाटे इंजिनला नेमका तोच लागतो. 10 लिटर ताजं टाका आणि रोज थोडं अंतर पेट्रोलवर चालवा.

प्रतिसाद 3

मॅन्युअल असेल तर सोसायटीच्या उतारावर धक्का देऊन सुरू करा, आम्ही कायम तेच करतो.

प्रतिसाद 1

धक्का बॅटरी उतरल्यावर. इथे ठिणगी किंवा इंधन कमी पडतंय, धक्क्याने ते वाढणार नाही. उलट न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) खराब होईल. ताई, सेल्फही एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा. पेट्रोलचा उग्र वास यायला लागला तर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत त्याने पेट्रोल थांबतं आणि साचलेलं बाहेर पडतं.

धागाकर्ती

दादा, आज पहाटे 5:40 ला तीन वेळा चावी फिरवली, आवाज ऐकला, सेल्फ मारला. दुसऱ्याच सेकंदाला सुरू! मी अक्षरशः रडायच्या बेतात होते. बाबा 6:20 ला खुर्चीवर होते.

बाबांना सोडून तशीच तीन हात नाक्याजवळच्या एका जुन्या मेकॅनिककडे गेले आणि आधी प्रेशर मोजा, मगच काय ते बदला, असं सांगितलं. त्यांनी गेज लावला. पंप चालू असताना 3 बारच्या वर, बंद केल्यावर पाच मिनिटांत शून्य. इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर गळत नाहीत हेही बघितलं. पंपातला पेट्रोल मागे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह गेलाय. तो सुटा मिळत नाही, पूर्ण पंप बदलावा लागेल. प्लगचा गॅपही वाढलेला होता. ते चारही लगेच बदलले, पंप शुक्रवारी येतोय.

तोपर्यंत तीन वेळा चावी फिरवून काम भागवलं तर आणखी काही बिघडणार नाही ना? आणि पंप बदलताना टाकी आतून साफ करून घ्यावी का? आठ वर्षांचा गाळ नव्या पंपाच्या जाळीत अडकेल, अशी भीती वाटते.

प्रतिसाद 2

चावी फिरवण्याने काही होत नाही, खुशाल करा. टाकी मात्र नक्की साफ करून घ्या. पंप बाहेर काढलेलाच असतो, तेव्हाच ते काम होतं. त्यामुळे ताजं पेट्रोल आत्ता दोन-तीन लिटरच टाका, बाकीचं नवा पंप बसल्यावर. मागची सीट उचलण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायला सांगा आणि काम मोकळ्या हवेत होऊ द्या, बंद पार्किंगमध्ये नको. बाबांना नमस्कार सांगा.