प्रतिपालक कुटुंबांतील मुलांचे म्हणणे गृहभेटीच्या पलीकडे कसे पोहोचवावे?

प्रश्न (धंतोली, नागपूर)
मी एका स्वयंसेवी संस्थेत प्रतिपालक कुटुंबांच्या, म्हणजे दुसऱ्यांच्या मुलांना आपल्या घरी ठेवून सांभाळणाऱ्या कुटुंबांच्या, गृहभेटींचे काम पाहते. मुलांच्या सहभागाचे तत्त्व बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 3 मध्येच आहे. 2016 च्या आदर्श नियमांनुसार बालगृहांत 6 ते 10, 11 ते 15 आणि 16 ते 18 अशा तीन वयोगटांच्या बालसमित्याही असतात. परंतु घरोघरी विखुरलेल्या मुलांना असे एकत्र बसणे आपोआप लाभत नाही. पंधरा वर्षांवरील आठ-दहा मुलांचा गट करून आमच्या कामातील उणिवा त्यांच्याकडूनच समजून घ्याव्यात, असा विचार आहे. सुरुवात कशी करावी?

उत्तर 1
मी अकराव्या वर्षापासून अठरा पूर्ण होईपर्यंत प्रतिपालक कुटुंबात वाढलो. गृहभेटीला ताई आल्या की चहाचा ट्रे मीच आणायचो आणि काकूंच्या शेजारी उभा असतानाच मला “काही त्रास नाही ना?” असे विचारले जायचे. काकू मायाळू होत्या, तक्रार त्यांच्याविषयी नाही. पण मला शाळा बदलायची नव्हती आणि ते कोणाला सांगायचे, हेच ठाऊक नव्हते. एकदा आम्हा मुलांकडून चार्टपेपरवर सूचना लिहून घेतल्या, फोटो काढले, समोसे वाटले. त्या चार्टचे पुढे काय झाले, ते आजतागायत कळलेले नाही. म्हणून गट जरूर करा, मात्र प्रत्येक सूचनेला ठरलेल्या मुदतीत उत्तर द्या. ते नकारार्थी असले तरी चालेल, कारण तेवढे सांगा.

उत्तर 2
मी निवृत्त परिवीक्षा अधिकारी आहे. वरील अनुभवाशी सहमत असलो तरी फोटोंबाबत अधिक कठोर राहावे, असे सुचवतो, कारण मुलांची ओळख उघड करण्यास बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 प्रमाणे मनाई आहे. अठरा ओलांडलेल्यांनाही बोलवा: कलम 46 खाली संस्थात्मक काळजीतून बाहेर पडणाऱ्यांना आर्थिक साहाय्याची तरतूद आहे, आणि काय तोकडे पडले ते तेच नेमके सांगतील. बसभाडे हातात द्या. विषय मात्र एकच घ्या, उदाहरणार्थ मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या बाल संरक्षण योजनेतील दरमहा 4,000 रुपयांचे साहाय्य. ते कशासाठी असते, हे मुलाला कोणी समजावून सांगितले आहे का, एवढे विचारले तरी पहिली बैठक पुरणार नाही.

प्रश्नकर्तीचे प्रत्युत्तर
दोघांचेही आभार. चहाच्या ट्रेचा प्रसंग वाचून मी आमचा गृहभेटीचा नमुना काढून पाहिला: मुलाशी एकांतात बोलल्याची नोंद करायला त्यात रकानाच नाही. पहिल्या बैठकीत तोच नमुना मुलांपुढे ठेवून त्यांच्याकडून दुरुस्त करून घेईन आणि बदललेली प्रत महिन्याभरात प्रत्येकाला देईन. बैठक परीक्षा संपल्यावर, एप्रिलमध्ये होईल. आपल्याकडचे ऊन पाहता सकाळी आठला.